काटा वर गेला म्हणजे इंजिन तापलंच असं नाही!

आपल्या होस्टेलमधल्या कुठल्याही मेकॅनिकलवाल्याला रात्री बारा वाजता झोपेतून उठवून विचारा, "गाडीचा टेंपरेचरचा काटा लाल रेघेपाशी गेला, काय झालं असेल?" उत्तर तोंडपाठ असतं. कूलंट कमी झालं, थर्मोस्टॅट जाम झाला, वॉटर पंप गेला, रेडिएटर चोंदला, फॅन फिरत नाही, हेड गॅस्केट उडालं. सहा मुद्दे, सहा मार्क, विषय संपला. पण सातवा मुद्दा कोणी लिहीत नाही, की इंजिनाला कदाचित काहीच झालेलं नसेल, काटाच खोटं बोलत असेल. आणि आठवा तर कोणाच्या डोक्यातही येत नाही, की काटा निवांत मधोमध असेल आणि इंजिन मात्र आतून भाजून निघत असेल.

मला या सातव्या आणि आठव्या मुद्द्याबद्दल लिहायचंय. म्हटलं तर विषय एवढासा, डॅशबोर्डच्या कोपऱ्यातल्या बोटभर काट्याचा. पण आपण चार वर्षं जे शिकतो त्यातली एक मोठी फट या काट्यातून दिसते असं माझं मत आहे. आपल्याला मोजायला शिकवतात, पण मोजमापावर शंका कधी आणि कशी घ्यायची हे कोणी शिकवत नाही. दोष शोधणं ही 'नोकरीला लागल्यावर आपोआप येणारी' गोष्ट आहे असं सगळे धरून चालतात. ती आपोआप येत नाही, आणि येईपर्यंत तिची किंमत दुसरंच कोणीतरी मोजत असतं.

आधी हा काटा नक्की काय दाखवतो ते बघू. तो तापमान दाखवतो हे अर्धसत्य. जुन्या पद्धतीच्या गाडीत तो दाखवतो करंटचा खेळ. इंजिनावर थर्मोस्टॅटच्या आसपास पितळी बोल्टसारखा एक सेंडर बसवलेला असतो. त्याचं टोक कूलंटमध्ये बुडलेलं असतं आणि पोटात थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की याचा रेझिस्टन्स कमी होतो. धातूंच्या बरोबर उलटी ही चाल मायकेल फॅरडेने १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिली होती, म्हणजे मोटारगाडी जन्माला यायच्या कितीतरी आधी! इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूसाठी जो सेन्सर असतो, त्याचा रेझिस्टन्स २० अंशाला साधारण दोन-अडीच हजार ओहम असतो आणि ८० अंशाला तीनशेच्या आसपास येतो. डॅशबोर्डच्या सेंडरचे आकडे कंपनीप्रमाणे वेगळे, पण चाल तीच.

आता रस्ता बघा. बॅटरीचा प्लस फ्यूज आणि इग्निशन स्विचमधून मीटरला जातो. मीटरमधून एक वायर सेंडरला, सेंडरमधून इंजिनाच्या धातूला आणि तिथून परत बॅटरीच्या मायनसला. शिवाय मीटरचा स्वतःचा अर्थ बॉडीला असतो तो वेगळाच. म्हणजे कूलंटचा निरोप आपल्या डोळ्यांपर्यंत पोचायला सेंडर, कनेक्टर, वायर, मीटर, फ्यूज आणि दोन अर्थ अशी रांग पार करावी लागते. लहानपणीच्या कानगोष्टींच्या खेळासारखंच हे. शेवटच्या गड्याने भलतंच काही सांगितलं तर पहिल्याला दोष देऊन कसं चालेल?

गंमत म्हणजे ही रांग एकदा डोक्यात बसली की तपासणी अगदी सोपी होते. वायर तुटली तर रेझिस्टन्स अनंत, म्हणून काटा 'थंड'वर पडून राहणार. वायरचं इन्सुलेशन घासून ती बॉडीला टेकली तर रेझिस्टन्स शून्य, म्हणून काटा थेट लालवर जाणार, तोही चावी फिरवल्या फिरवल्या. रात्रभर अंगणात उभी असलेली गाडी सकाळी चावी फिरवताच लाल दाखवत असेल, तर इंजिन काय स्वप्नात घाट चढून आलं?

आणखी पुढे जायचं असेल तर सेंडरची वायर काढा आणि चावी ऑन करा. काटा थंडावर हवा. मग तीच वायर क्षणभर इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवा. काटा गरमाकडे धावला तर मीटर आणि वायर बऱ्यापैकी निर्दोष, संशय सेंडरवर. नाही धावला तर सेंडर सुटला, चौकशी वायर, फ्यूज आणि मीटरची. दोन मिनिटांत अर्धी रांग घरी गेली! (ही युक्ती फक्त जुन्या, सरळ वायरच्या मीटरसाठी. तिथेही मधे छोटा बल्ब घेतलेला बरा. ज्या गाडीत सेन्सर ईसीयूला जोडलेला असतो आणि काटा ईसीयूच्या सांगण्यावर हलतो, तिथे वायर अर्थला टेकवण्याचा पराक्रम करू नका. तिथे स्कॅनर लावून ईसीयूला किती तापमान दिसतंय ते वाचायचं.)

सेंडरवरच संशय असेल तर तो काढून गरम पाण्यात धरायचा, शेजारी थर्मामीटर, दोन टोकांना मल्टिमीटर. पाणी तापवायला रेक्टर सरांनी जप्त केलेल्या कॉइल चालतील, त्यांच्याकडे पोतंभर असतील. फक्त पाणी उकळलं म्हणजे १०० अंश झालं असं धरू नका. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. आणखी एक खूण सांगतो. काही जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा काटा एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतात. दोन्ही काटे एकदम बिघडले तर दोन रोग शोधायचे नाहीत, दोघांचा सामाईक नातेवाईक शोधायचा.

आता म्हणाल, हे सगळं पुस्तकी झालं. तर एक खरी केस सांगतो. माझे मामा कराडला राहतात. कामासाठी आठवड्यातून तीन-चार वेळा सकाळी चिपळूणला जातात आणि रात्री परत येतात. गाडी छोटी, पेट्रोलची, दहा-बारा वर्षं जुनी. जाताना काटा ठीक. येताना कुंभार्ली घाट चढायला लागलं की काटा वर. निदान कोणीही करेल, घाटाचा लोड! गॅरेजवाल्याने आधी थर्मोस्टॅट बदलला, मग रेडिएटर साफ केला, मग वॉटर पंप बदलला. आठ-नऊ हजार गेले, काटा जिथल्या तिथे. मग सल्ला मिळाला, "थर्मोस्टॅट काढूनच टाका आणि फॅन डायरेक्ट करा, आपल्या हवेत लागतो कशाला?" तोवर मामा दर खेपेला रात्रीच्या अंधारात, पावसात, धुक्यात, घाटाच्या कडेला गाडी लावून बोनेट उघडून वीस मिनिटं उभे राहायचे. मागून येणाऱ्या ट्रकला ते दिसले नसते तर? मामीचा जीव टांगणीला लागायचा तो इंजिनासाठी नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मामा म्हणाले, "अरे, तू इंजिनिअरिंगला आहेस ना, बघ जरा." मी म्हटलं, "मामा, तुम्ही जाता सकाळी आणि येता रात्री. मग नुसता घाटच बदलत नाही, उजेडही बदलतो. गाडी इथेच अंगणात चालू करा आणि तापू द्या." इंजिन गरम झालं, काटा मधोमध स्थिरावला. मग मी त्यांना हेडलाइट लावायला सांगितलं. दोन-तीन सेकंदांत काटा चांगला एक घर वर! दिवे बंद, काटा खाली. गाडी जागची हललेली नाही, घाट पन्नास किलोमीटरवर.

इथे पहिल्या वर्षाचं गणित लावा. समजा ते एक घर म्हणजे २० अंश. गाडीतलं कूलंट चार लिटर धरा, लोखंड आणि ॲल्युमिनियम सोडूनच द्या. चार लिटर पाणी २० अंशांनी तापवायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. तीन सेकंदांत तेवढी द्यायची तर ११० किलोवॅट पाहिजेत! एवढं छोटं इंजिन जीव तोडून पळालं तरी त्याच्या निम्मी पॉवर देत नाही आणि इथे ते आयडलवर गुरगुरत उभं होतं. थोडक्यात, उष्णता अशी उडी मारू शकत नाही. उडी मारतं ते फक्त व्होल्टेज.

पुढचं काम मल्टिमीटरचं. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं मीटरच्या अर्थला. दिवे बंद असताना जवळजवळ शून्य, दिवे लावले की एक व्होल्टच्या आसपास. बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी जिथे बोल्टने घट्ट केलेली असते, तिथे खाली गंज बसला होता. ५५ वॉटचे दोन दिवे म्हणजे नऊ-दहा ॲम्पिअर. एवढ्या करंटला ०.१ ओहमचा गंज पुरतो, एक व्होल्ट तिथेच खाल्ला जातो. इंजिनाला स्वतःची जाड अर्थ केबल असल्यामुळे सेंडर जागेवर राहिला, पण मीटरचा 'शून्य' एक व्होल्टने वर उचलला गेला, आणि मीटरची समजूत झाली की सेंडर गरम झालाय. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासला, थोडं व्हॅसलीन लावून घट्ट केला. खर्च चहासकट पन्नास रुपये. आपल्याकडे म्हणतात ना, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे रामेश्वरीही आग नव्हती, नुसती घंटा वाजत होती.

यात गॅरेजवाल्याला शिव्या घालून मोकळं व्हायची इच्छा होते, पण ते बरोबर नाही. त्याला पैसे कशाचे मिळतात? पार्ट बदलल्याचे. त्याने दोन तास मल्टिमीटर घेऊन डोकं चालवलं, एक बोल्ट घासला आणि पाचशे रुपये मागितले, तर आपणच म्हणणार, "नुसतं बघायचे कसले पैसे?" डॉक्टरांनी तपासून 'काही झालेलं नाही' सांगितलं तरी आपण मुकाट्याने फी देतो. मिस्त्रीला ती देत नाही. मग तोही विचाराऐवजी वॉटर पंप विकतो. आणि थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला हा नुसता वायफळ खर्च नाही, ते नुकसान आहे. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, तो इंजिनाला लवकर कामाच्या तापमानाला आणण्यासाठी. तो काढला की इंजिन बराच वेळ थंड राहतं, पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते. काट्याचं खोटं झाकण्यासाठी निरोगी इंजिन आजारी करायचं!

आता कोणी माझ्या म्हणण्याचा भलताच अर्थ काढण्याआधी आठव्या मुद्द्यावर येतो. 'काटा खोटा असू शकतो' हे वाक्य चुकीच्या माणसाच्या हातात गेलं की तो लाल काटा बघूनही घाट चढत राहील. म्हणून क्रम पक्का ठेवायचा. चालत्या गाडीत काटा खराच मानायचा. एसी बंद, कॅबिनचा हीटर पूर्ण चालू (तोही एक छोटा रेडिएटरच आहे), सुरक्षित जागा बघून थांबायचं, इंजिन बंद. गरम असताना रेडिएटरची कॅप उघडायची नाही म्हणजे नाही. आत वातावरणापेक्षा साधारण एक बार जादा दाब असतो आणि त्या दाबाला पाणी १२० अंशांपर्यंत न उकळता राहतं. कॅप सैल केली की तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. शंका घ्यायची ती गाडी थांबल्यावर, थंड डोक्याने.

उलट बाजूचं खोटं तर याहून वाईट. होज फुटून कूलंट वाहून गेलं की सेंडरचं टोक पाण्याऐवजी हवेत लोंबकळतं. तेव्हा काटा वर जाण्याऐवजी खालीही येऊ शकतो. ड्रायव्हरला वाटतं, चला, थंड झाली! आणि पुढच्या काही किलोमीटरमध्ये हेड वाकडं होतं. हीटरमधून अचानक थंड हवा येणं, कूलंटचा गोडसर वास, बोनेटखालून वाफ हे साक्षीदार तिथे काट्यापेक्षा खरे. अलीकडच्या अनेक गाड्यांत तर काटा मुद्दामच 'शांत' ठेवलेला असतो. कामाच्या तापमानाच्या आजूबाजूच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात तो मधोमध चिकटून राहतो, म्हणजे गिऱ्हाईक उगाच घाबरत नाही. कित्येक छोट्या गाड्यांत काटाच गेला, निळा आणि लाल दिवा राहिला. माझ्या मते हे चांगलं झालेलं नाही. हळूहळू वर चढणारा काटा बोलायला वेळ देतो, लाल दिवा थेट निकाल सांगतो.

इन्स्ट्रुमेंटवर आंधळा विश्वास ठेवला की काय होतं याचं मोठं उदाहरण गाडीबाहेर आहे. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला. कंट्रोल रूममधला दिवा मात्र व्हॉल्व्ह बंद असल्यासारखा विझलेला. कारण तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता, व्हॉल्व्हला 'बंद हो' असा हुकूम गेलाय एवढंच दाखवत होता. दोन तासांहून जास्त वेळ कूलंट निसटत राहिलं आणि रिॲक्टरचा गाभा काही अंशी वितळला. तिथले ऑपरेटर अडाणी नव्हते. दिवा नक्की काय मोजतोय हा प्रश्न त्या गडबडीत वेळेवर पुढे आला नाही, एवढंच.

यावर कोणी म्हणेल, आता ओबीडी स्कॅनर आलेत, कोड वाचा आणि पार्ट बदला, डोकं कशाला लावायचं? तर मग कोड नीट वाचा. पी०११८ म्हणजे 'कूलंट सेन्सर खराब' नव्हे. त्याचा अर्थ त्या सर्किटचा सिग्नल जास्त आहे एवढाच. सेन्सर आतून तुटला, कनेक्टर निघाला, वायर उंदराने खाल्ली किंवा सेन्सरचा अर्थ गेला, चारही वेळा कोड तोच. पी०११७ म्हणजे सिग्नल कमी, बहुतेक कुठेतरी शॉर्ट. म्हणजे स्कॅनर गल्ली दाखवतो, घर आपणच शोधायचं. इन्फ्रारेड थर्मामीटरचंही तसंच. चकचकीत ॲल्युमिनियमवर धरला तर तो खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. काळी टेप लावून तिच्यावर धरायचा. मोजायचं यंत्र बदललं तरी शंका घ्यायचं काम संपत नाही.

आणि आता आपल्या घरचं बघू. प्रॅक्टिकलला काय चालतं? सेट-अप आधीच मांडलेला, रीडिंग काय यायला पाहिजे ते मागच्या बॅचच्या जर्नलमध्ये लिहिलेलं. एखादं रीडिंग रेषेबाहेर गेलं की ते 'ॲडजस्ट' होतं, ग्राफ सुतासारखा सरळ आणि सही मिळते. खरं तर ते रेषेबाहेरचं रीडिंगच त्या दिवशीचं शिक्षण होतं! कदाचित थर्मोकपल सैल असेल, कदाचित मीटरचा शून्य सरकला असेल. पण ते शोधायला ना वेळ, ना मार्क. ओरलला 'थर्मोस्टॅटचं कार्य सांगा' विचारतात. 'दिवे लावल्यावर काटा वर जातो, पहिली टेस्ट कुठली करशील आणि का?' असं विचारलं तर अर्धा वर्ग निरुत्तर होईल. आणि हाच वर्ग पुढे कारखान्यात, पॉवर प्लँटमध्ये मीटरसमोर बसणार आहे.

म्हणून विभागातल्या सरांना आणि मॅडमना माझी एक सूचना आहे. फार खर्चाची नाही. ऑटोमोबाइल लॅबमध्ये एक टेबल मांडा. त्यावर १२ व्होल्टची बॅटरी, भंगारातून आणलेलं टेंपरेचर मीटर, एक सेंडर, पाण्याचं भांडं, थर्मामीटर आणि मल्टिमीटर. टेबलाखाली एका कुलूपबंद डब्यात चार स्विच. पहिला वायर तोडणारा, दुसरा वायर अर्थला शॉर्ट करणारा, तिसरा मीटरच्या अर्थमध्ये रेझिस्टन्स घालणारा. सर त्यातला एक स्विच दाबतील, बॅचने तासाभरात दोष शोधायचा. मार्क उत्तराला कमी, क्रमाला जास्त. आधी काय तपासलं, त्यातून कोण निर्दोष ठरलं, पुढची टेस्ट तीच का निवडली, एवढं जर्नलमध्ये लिहायचं. हे मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवता येणार नाही, कारण दर बॅचला स्विच वेगळा.

आणि चौथा स्विच? त्याला वायरच जोडायची नाही. तो दाबला की बिघाड काहीच होणार नाही, भांड्यातलं पाणी मात्र खरंच उकळत असेल आणि काटा खरंच लालवर असेल. सगळी रांग तपासून जो शेवटी सांगेल, "सर, मीटर बरोबर आहे, पाणीच तापलंय, आधी गॅस बंद करा," त्याला माझ्या मते पैकीच्या पैकी द्यायला हरकत नाही.